हाडं, ऊन आणि आपल्या घरातल्या मुली

(खारबाव येथे पालक आणि तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथे बसलेल्या सगळ्या खाला, फुफी, भाभी, बहिणी आणि मागे उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, आजचा विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं की तू सॉफ्टवेअरवाला, हाडांवर काय बोलणार? प्रश्न बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. कोणाला औषध सांगायला मी उभा नाही. पण गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी हाडांबद्दल जे शोधून काढलंय, त्याचा गाभा एका प्रश्नात येतो: तोच मजकूर सगळ्यांकडे असताना काम वेगळं का होतं? आणि हा प्रश्न माझ्या धंद्यातला रोजचा आहे. एकच प्रोग्रॅम शंभर मशीनवर टाकला तरी प्रत्येक मशीनवर त्यातला वेगळा भाग चालू होतो. कुठला भाग चालू होणार हे ठरवणारी यंत्रणा वेगळी असते. शरीरातही तसंच आहे.

हा विषय निवडण्याचं कारण आपल्या घरांत आहे. चाळिशीची बाई जमिनीवरून उठताना हात टेकते. मुलगी बारावीला आहे आणि जिना चढताना मांड्या दुखतात म्हणते. बाळंतपणानंतर कंबर गेली ती गेलीच. आपण काय म्हणतो? "वय झालं." "आमच्या खानदानातच हाडं कच्ची आहेत." "नशिबात होतं." आज मला या तीन वाक्यांशी बोलायचंय.

आधी हाड म्हणजे काय ते पाहू. कुर्बानीच्या वेळी आपण जे हाड पाहतो ते मेलेलं असतं, म्हणून हाड हा दगडासारखा पदार्थ आहे असा आपला समज होतो. जिवंत माणसाचं हाड मात्र सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. त्यासाठी तिथे तीन प्रकारच्या पेशी असतात. एक हाड घडवणाऱ्या. दुसऱ्या जुनं हाड विरघळवून काढणाऱ्या. आणि तिसऱ्या म्हणजे घडवणाऱ्यांपैकीच काही, ज्या काम करता करता हाडाच्या आत अडकून राहतात आणि आतून भार कुठे पडतोय, तडा कुठे गेलाय यावर लक्ष ठेवतात.

हाड घडवणारी पेशी काय करते, ते भिवंडीकरांना समजावणं सोपं आहे. ती आधी विणते. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकावर एक रचून ती एक पट्टा तयार करते. हा पट्टा मजबूत असतो, पण मऊ असतो. मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे कण बसवले जातात आणि तो कडक होतो. सायझिंगमध्ये सुताला कांजी दिली की ते ताठ होतं, साधारण तसं समजा. विणकाम झालं पण खळ मिळाली नाही, तर कापड लोंबकळतं. हाडाचंही तेच होतं. लहान मुलांत असं झालं की त्याला मुडदूस म्हणतात: पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, छाती पुढे येते. मोठ्या माणसांत वाढ थांबलेली असते, म्हणून पाय वाकत नाहीत, पण हाडं मऊ पडतात, दुखतात, मांड्यांत ताकद राहत नाही, चाल डुलते. याला अस्थिमृदुता म्हणतात. म्हातारपणी हाड विरळ होऊन ठिसूळ होतं, तो वेगळा आजार. तिथे विणलेलं हाड कडक असतं, पण कमी असतं.

आता मजकुराकडे येऊ. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच सगळे जनुक असतात, प्रथिनं बनवणारे सुमारे वीस हजार. डोळ्यातल्या पेशीत हाड बनवण्याची कृती लिहिलेली असते आणि हाडातल्या पेशीत डोळा बनवण्याची. तरी डोळ्यात हाड उगवत नाही. कारण प्रत्येक पेशीत बहुतेक पानं मिटलेली असतात आणि मोजकीच उघडलेली. पान उघडायचं की मिटायचं हे ठरवणारी काही खास प्रथिनं असतात. ती जनुकाच्या आसपासच्या ठरावीक अक्षरांवर जाऊन बसतात आणि तो जनुक चालू किंवा बंद करतात. यालाच जनुकांचं नियमन म्हणतात.

हाडाच्या बाबतीत यातलं मुख्य प्रथिन आहे रंक्स-टू. १९९७ साली जपान, अमेरिका आणि युरोपातल्या गटांनी एकाच सुमारास दाखवलं की ज्या उंदरांत हा एक जनुक काढून टाकला, त्या उंदरांना हाडच तयार झालं नाही. सांगाड्याचा आकार होता, पण तो पूर्ण कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या मऊ पदार्थाचा. पिल्लं जन्मताच मेली. २००२ साली ऑस्टेरिक्स नावाचं दुसरं प्रथिन सापडलं. ते रंक्स-टूच्या नंतरच्या पायरीवर काम करतं. म्हणजे मज्जेतली एक मूळ पेशी असते, ती चरबीची पेशी होऊ शकते किंवा हाड घडवणारी. रंक्स-टू तिला हाडाच्या वाटेला लावतं, ऑस्टेरिक्स पुढे नेतं, मग कोलॅजनचे जनुक जोरात चालू होतात. त्यानंतर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं प्रथिन बनतं, जे कॅल्शियम बसण्यातली अडचण दूर करतं. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टात हे नाव असतं. मुडदूस किंवा अस्थिमृदुता असेल तर ते बऱ्याचदा वाढलेलं दिसतं. पेशी बिचारी जास्तच राबत असते, पण खळ पोचत नसते.

या मजकुरातच चूक असेल तर? तसंही होतं, आणि त्याचं एक उदाहरण मुस्लिम समाजातलंच आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला एक चिनी माणूस जाऊन स्थायिक झाला. त्याने इस्लाम स्वीकारला, अनेक लग्नं केली. त्याच्या वंशजांत अनेकांना गळ्याखालची हाडं अर्धवट किंवा नव्हतीच, टाळूची फट उशिरा भरायची, दात उशिरा यायचे. १९५१ साली जॅक्सन नावाच्या डॉक्टरने या कुटुंबाच्या शेकडो वंशजांची नोंद केली. पुढे कळलं की या आजाराचं मूळ रंक्स-टूच्या जनुकात असतं. दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरे. अशा माणसांना खांदे छातीसमोर जवळजवळ एकत्र आणता येतात. तेव्हा "खानदानी" आजार असतात, हे खरं आहे. पण ते दुर्मिळ असतात आणि त्यांची चिन्हं वेगळी असतात. आपल्या घराघरांत जे दुखणं आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. आणि ती गोष्ट महाराष्ट्रात, नाशिकमध्ये सांगितली गेली आहे.

१९२२ साली हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक जिल्ह्यातल्या मुडदुसावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा युरोपात वाद चालू होता की मुडदूस गरिबीचा आजार आहे, खाण्याचा आहे की हवेचा. नाशिकमध्ये त्यांना दिसलं ते उलटंच होतं. ज्या गरिबांच्या घरात दूध-तूप नाही, रोजची भाकरी आणि थोडं कोरड्यास, त्यांची मुलं उन्हात शेतावर, रस्त्यावर वाढत होती, आणि त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. ज्या घरांत खायला चांगलं होतं पण बायका पडद्यात होत्या, त्या वरच्या थरातल्या मुस्लिम आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत तो भरपूर होता. बाळं आईबरोबर आतच वाढायची. मुली मोठ्या झाल्या, पडद्यात गेल्या, की त्यांची हाडं पुन्हा दुखायला लागायची.

या अभ्यासातली एक गोष्ट नीट ऐका. आजार धर्म बघून आला नव्हता. गरीब मुस्लिम आणि श्रीमंत मुस्लिम यांचं रक्त वेगळं नव्हतं. श्रीमंत हिंदू आणि श्रीमंत मुस्लिम यांचा धर्म वेगळा होता, पण अंगणाचं दार दोघांनीही बंद केलेलं होतं. आणि बंद दाराच्या आत दोघांच्याही मुलींची हाडं सारखीच वाकत होती. "आमच्या खानदानातच हाडं कच्ची" या वाक्याला इतकं साधं उत्तर शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच मुंबई प्रांतात मिळालेलं होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९१९ मध्ये, बर्लिनला हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्यासमोर बसवलं. हाडं भरून आली. गंमत अशी की एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे प्रकाश हाडापर्यंत जात नाही. प्रकाशामुळे त्वचेत काहीतरी तयार होतं आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. ते काहीतरी म्हणजे ज्याला आपण ड जीवनसत्त्व म्हणतो. हे नाव मॅकॉलमने दिलेलं.

आता हे जीवनसत्त्व करतं काय? इथे आपला जनुकांचा धागा परत येतो. उन्हातले ठरावीक अतिनील किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भाऊबंदावर पडतात आणि ड जीवनसत्त्व बनतं. यकृतात त्यात एक बदल होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते कामाला तयार होतं. हे तयार जीवनसत्त्व पेशीच्या केंद्रकात जातं. तिथे त्याच्यासाठी एक प्रथिन वाट बघत असतं. दोघं मिळून, आणखी एका जोडीदाराला घेऊन, जनुकांच्या शेजारच्या ठरावीक अक्षरांवर बसतात आणि ते जनुक चालू करतात. म्हणजे ऊन हे अक्षरशः आपल्या जनुकांना मिळालेला एक निरोप आहे. मजकूर तोच राहतो, पण कुठलं पान उघडायचं हे बाहेरून आलेल्या प्रकाशावरही ठरतं.

मग कुठली पानं उघडतात? काही हाड घडवणाऱ्या पेशीत उघडतात, उदाहरणार्थ ऑस्टिओकॅल्सिन नावाच्या प्रथिनाचं. पण सगळ्यात मोठं काम आतड्यात होतं. तिथे कॅल्शियम आत ओढणाऱ्या प्रथिनांचे जनुक चालू होतात. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के रक्तात येतं. असेल तर तीस-चाळीस टक्के. बाकी वाया. आणि रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर गप्प बसत नाही. हृदयाला, स्नायूंना ते हवंच असतं. मग गळ्यातल्या छोट्या ग्रंथी एक संप्रेरक सोडतात. त्या हुकमाने घडवणाऱ्या पेशींतच एक वेगळा जनुक जोर धरतो आणि त्या विरघळवणाऱ्या पेशींना बोलावणं धाडतात: या, हाड काढा, कॅल्शियम रक्तात द्या. ज्या पेशीचं काम घडवणं, तिच्याच सहीने मोडणं सुरू होतं.

याची खात्री कशी पटली, तेही सांगतो. काही मुलांत ड जीवनसत्त्वाची वाट बघणारं ते प्रथिनच जन्मतः बिघडलेलं असतं. कितीही ऊन द्या, औषध द्या, त्यांना भयंकर मुडदूस होतो, अनेकांच्या डोक्यावर केसही राहत नाहीत. अशा मुलांना शिरेतून थेट कॅल्शियम दिलं तेव्हा त्यांची हाडं भरून आली. म्हणजे घडवणारी पेशी कामात कमी नव्हती. तिला सामान मिळत नव्हतं. यातून दोन गोष्टी कळतात. ऊन हवं, आणि ताटात कॅल्शियमही हवं. एकाशिवाय दुसऱ्याचा पूर्ण उपयोग नाही. शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्या आपल्याच गावातल्या बायकांकडे ऊन आहे, पण अनेकींच्या ताटात दूध-अंडं नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ताट बरं आहे, पण ऊन नाही. दोघींचं नुकसान एकाच पेशीपाशी येऊन थांबतं.

हे नुकसान फक्त दुखण्यापुरतं नाही. कॅथलीन ओल्गा वॉन नावाच्या डॉक्टरबाईंनी काश्मीरमध्ये बाळंतपणं केली. १९२८ साली त्यांचं पडदापद्धती आणि मातृत्व यांवरचं पुस्तक आलं. त्यांनी पाहिलं की शहरातल्या बंद घरांत वाढलेल्या बायकांचं ओटीपोटाचं हाड मऊ होऊन आत दबलेलं असायचं, आणि बाळाला बाहेर यायला वाटच नसायची. शेतकरी आणि नावाड्यांच्या बायका, त्याच धर्माच्या, त्याच खोऱ्यातल्या, त्यांना हे होत नसे. आज सिझेरियन आहे म्हणून जीव वाचतात. पण ज्या बाईचं हाड आधीच रिकामं आहे, तिच्या पोटातलं मूल आणि अंगावरचं दूध यांसाठी कॅल्शियम येतं कुठून? तिच्याच हाडांतून. आईच्या दुधात तसंही ड जीवनसत्त्व फार थोडं असतं. आईकडेच नसेल तर बाळाला काहीच मिळत नाही. उणीव अशी आईकडून मुलीकडे जाते, आणि आपण म्हणतो खानदानी आहे.

आता जी गोष्ट बोलायला सगळ्यांना अवघड वाटते ती बोलतो. हे सगळं बुरख्यामुळे होतं का? आपल्या चळवळीत या प्रश्नावर भावनेने बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. मी पुराव्यापुरतं बोलतो. कापडातून हे किरण पुरेसे जात नाहीत, हे खरं आहे. आखाती देशांत इतकं ऊन असून तिथल्या बायकांत ही उणीव भरपूर आढळते, हेही खरं आहे. पण एखादी बाई तासभर बाजारात बुरखा घालून गेली म्हणून तिची हाडं मऊ पडत नाहीत. उरलेले तेवीस तास ती कुठे असते, हा खरा प्रश्न आहे. बंगालच्या वाडीत, कोकणातल्या परसात, पूर्वीच्या बायकांना चार भिंतींच्या आत आभाळ होतं. आंगण होतं, विहीर होती, वाळवण होतं. आज तिला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, खिडकीला काच आहे आणि काचेवर पडदा आहे. काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण येत नाहीत. इमारतीच्या गच्चीला कुलूप आहे. शाळेच्या मैदानावर आठवीनंतर मुली दिसत नाहीत, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत. बुरखा घालणारी आणि न घालणारी, दोघीही त्याच बंद गच्चीच्या खाली राहतात.

आणि पुरुषांचं काय? लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात. गोदामांतली रात्रपाळी, दिवसा झोप. माझ्यासारखे ऑफिसवाले सकाळच्या अंधारात गाडी पकडतात आणि संध्याकाळी अंधारातच उतरतात. आपल्यालाही ऊन मिळत नाही. फरक एवढाच की आपल्याला रविवारी नाक्यावर, मैदानात उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही.

हा प्रश्न सुटू शकतो, याचं उदाहरणही आहे. १९६२ साली ग्लासगोमधल्या डॉक्टरांनी तिथे स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता नोंदवली. ऊन कमी, त्वचा सावळी, बायका घरात, आणि आहारात चपातीचा कोंडा, ज्यातला फायटेट नावाचा घटक कॅल्शियम धरून ठेवतो. सुरुवातीला तिथेही "यांची संस्कृतीच अशी" म्हणणारे होते. पुढे तिथल्या आरोग्य विभागाने मुलांना ड जीवनसत्त्व मोफत द्यायला सुरुवात केली आणि मुडदुसाने रुग्णालयात येणारी मुलं कमी झाली. संस्कृतीवर भाषण न देता थेंब दिले, आणि काम झालं. आपण त्या थेंबांबरोबर गच्चीची किल्लीही मागू या.

आणखी दोन-तीन गोष्टी जनुकांच्या याच नियमनातून कळतात आणि त्या आपल्या रोजच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली, दुखण्यावरच्या पुड्या. कुठेतरी कोणी नाव नसलेली पुडी देतो, दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडही थेट केंद्रकात जाऊन जनुकांवरच काम करतं. सूज वाढवणारे जनुक ते बंद करतं म्हणून आराम पडतो. पण ते हाड घडवणाऱ्या पेशीचं कामही मंदावतं आणि त्या पेशींचं आयुष्य कमी करतं. महिनोन्‌महिने घेतलं तर हाड आतून पोखरतं. डॉक्टरने नीट विचार करून दिलेलं स्टिरॉइड जीव वाचवतं, आणि ते मनाने एकदम बंदही करू नये. पण ज्या औषधावर नाव नाही ते पोटात जाऊ देऊ नका.

दुसरी, हालचाल. हाडाच्या आत अडकलेल्या ज्या पेशींबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन बनवतात. ते घडवणाऱ्या पेशींना लगाम घालतं. हाडावर भार पडला, चाललं, पायऱ्या चढल्या, पाण्याची बादली उचलली, की त्या पेशीतला हा जनुक मंदावतो, लगाम सैल होतो आणि नवं हाड बनतं. माणूस अंथरुणाला खिळला की उलटं होतं. या लगामाला अडवणारं औषध २०१९ पासून अमेरिकेत मान्य झालंय, पण ते महाग आहे. चालणं फुकट आहे. मुलींना दोरीवरच्या उड्या मारू द्या, पळू द्या. हाडांची पुंजी विशीपर्यंत भरते, पुढे आपण ती खात असतो. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा मोडणाऱ्या पेशींना जाणारं बोलावणं वाढतं आणि पुंजी झपाट्याने कमी व्हायला लागते. तेव्हा जिच्या खात्यात जास्त, ती टिकते.

तिसरी, लग्न. चुलत-मावस भावंडांत लग्न होतात तेव्हा दोघांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एकाच पूर्वजांकडून आलेला असतो. बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. पण ज्या आजारांत दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात, त्यांची शक्यता वाढते. ड जीवनसत्त्वाला दाद न देणारा जो मुडदूस मी सांगितला, तो अशाच कुटुंबांत जास्त आढळतो. घरात पूर्वी असं मूल झालं असेल तर लपवू नका, रिश्ता ठरवण्याआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्या. यात लाज कोणाचीच नाही, आणि दोष सुनेचा तर मुळीच नाही. मूल आजारी झालं म्हणून बाईला माहेरी पाठवणाऱ्यांना एवढंच सांगा की दोन प्रती लागतात, त्यातली एक तुमच्या मुलाची आहे.

मग करायचं काय? मोठी गोष्ट नाही.

ऊन. आपल्याकडे "सकाळचं कोवळं ऊन चांगलं" असं म्हणतात. फजरनंतरचं ऊन सुखद असतं, पण त्यात हे किरण फार कमी असतात. आपल्या भागात साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान ते पुरेसे असतात. चेहरा, हात, पाय उघडे ठेवून आठवड्यातले काही दिवस वीस मिनिटं, अर्धा तास. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. त्वचा लाल होईपर्यंत, चक्कर येईपर्यंत बसायचं नाही. प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक मोहल्ल्याने दुपारी गच्ची एक तास फक्त बायकांसाठी उघडावी. तिथे बुरख्याचा प्रश्न येतच नाही, मौलानांची हरकत यायचंही कारण नाही. शाळांनी मुलींचा खेळाचा तास कापू नये. पालकसभेत आपण हे विचारलं पाहिजे.

ताट. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं मानक आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. दूध, दही, तीळ, राजगिरा, आणि आपल्या खाडीकाठची सुकट, जवळा, काट्यासकट खाल्लेले छोटे मासे. दूध आणि तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी एफ हे अक्षर दिसलं तर त्यात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. दर तेवढाच असेल तर तेच घ्या.

गोळ्या. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ड जीवनसत्त्वासह कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज, हे सरकारी आरोग्य केंद्राचं धोरण आहे आणि त्या मोफत आहेत. आशाताईंकडे मागा. लोहाची गोळी आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नका. बाळाला पहिलं वर्षभर ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट रोज द्यावेत असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. किती थेंब ते डॉक्टरला विचारा. आणि मनाने इंजेक्शनं, साठ हजारांच्या पुड्या आठवड्यामागून आठवडे घेत बसू नका. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंड बिघडतं.

मुलाचे पाय वाकलेले दिसले, मुलीला जिना चढता येईना, पायात गोळे येत असतील, तर आधी तपासणी करा. आणि एकाच जागी हाड दुखतंय, रात्री जास्त दुखतंय, सूज वाढतेय, विशेषतः वाढत्या वयात गुडघ्याच्या आसपास, तर मालिश करत बसू नका. हाड घडवणाऱ्या पेशींचा कर्करोग बहुतेक याच वयात आणि याच जागी होतो. तिथे नियमनाचे लगामच तुटलेले असतात, पेशी थांबायचं विसरते. असा संशय आला की परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी लवकर पोचणं महत्त्वाचं. लवकर पोचलेल्यांपैकी अनेक मुलांचा पायही वाचतो.

"वय झालं", "खानदानी आहे", "नशिबात होतं". या तीन वाक्यांतलं पहिलं अर्धं खरं आहे, दुसरं क्वचित खरं आहे. तिसऱ्याबद्दल माझं म्हणणं इतकंच की नशिबात काय लिहिलंय ते अल्लाहला ठाऊक. पण गच्चीला कुलूप त्याने लावलेलं नाही. ते आपण लावलंय आणि किल्ली आपल्याकडे आहे.

आपल्या मुलींच्या हाडांत कोणताही कमी दर्जाचा मजकूर लिहिलेला नाही. नाशिकच्या उन्हात वाढलेल्या गरीब मुलींची हाडं सरळ होती, कारण त्यांच्या पेशींपर्यंत निरोप पोचत होता. तो निरोप पोचू द्यायचा की नाही, हे घरातल्या मोठ्यांनी आणि मोहल्ल्यातल्या कमिट्यांनी ठरवायचं आहे. पुढच्या बैठकीपर्यंत आपल्या आपल्या इमारतीची गच्ची दुपारी उघडते का, एवढं बघून या. उघडत नसेल तर का उघडत नाही, ते विचारून या. आपण तिथून पुढे बोलू.